ध्वनी-सहाय्य कक्ष

इंग्रजी ही भाषा कानांनी नव्हे, डोळ्यांनी शिकायची असते. हा सिद्धांत पहिल्यांदा कोणी मांडला याची नोंद नाही, पण ताओपिंग या चिनी शहरातल्या साडेआठ लाख माणसांनी तो स्वतःच्या पोरांवर पडताळून पाहिला आहे. शिक्षकाचं नाक जितकं उंच, तितकं मुलाचं व्याकरण पक्कं. डोळे निळे असतील तर उच्चार सुधारतात, घारे असतील तर शब्दसंग्रह वाढतो. शिक्षक टकला असला तरी चालतो, फक्त टक्कल गुलाबी हवं. (पिवळट टकलाकडून काही शिकता येत नाही. ताओपिंगमध्ये तसली टकलं हजारोंनी आहेत, आणि बघा, कोणाला इंग्रजी येतं का.)

त्या वर्षी शहरात इंग्रजी शिकवणारी खाजगी केंद्रं एकसष्ट होती आणि सार्वजनिक मुताऱ्या अठरा. ज्याची निकड जास्त, त्याची सोय आधी. या एकसष्ट केंद्रांत मिळून परदेशी शिक्षक एकशे चौदा. पैकी ज्यांची मातृभाषा इंग्रजी असे नऊ. पैकी सकाळच्या तासाला शुद्धीवर असणारे चार. उरलेल्या एकशे पाचांत हॉटेलात सॅक्सोफोन वाजवणारे होते, बायकोच्या मागे आलेले होते, बायकोपासून पळून आलेले होते, आणि एका सर्कशीचा तंबू उठला तेव्हा मागे राहिलेले दोन होते. सर्कशीतल्या दोघांना पालकांची पसंती सर्वाधिक होती, कारण ते शिकवताना कोलांटी मारून दाखवत. या सर्वांमुळे शहराचा शैक्षणिक दर्जा फार उंचावला. उंचावला म्हणजे किती, हे मोजण्याची पद्धत अजून बसलेली नाही.

अशा या प्रगत शहरात नी सुह्वा नावाची बाई इंग्रजी शिकवण्याची नोकरी शोधायला आली. वय त्रेचाळीस. शहरापासून सत्तर किलोमीटरवर तिसरी कोळसा खाण होती, तिथल्या कामगारांच्या शाळेत तिने एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. खाणीवर सगळे तिला नी बाई म्हणत, मुकादमसुद्धा. लहानपणी वडिलांच्या रेडिओवर रोज संध्याकाळी अर्धा तास परदेशी बातम्या लागत, त्यावरून ती इंग्रजी शिकली. मग शब्दकोश पाठ केला. तो फाटला म्हणून दुसरा पाठ केला. मग खाणीतला कोळसा संपला, कोळशापाठोपाठ खाण संपली, आणि खाणीपाठोपाठ शाळा. नवरा दूर बंदरावर क्रेन चालवायचा आणि नव्या वर्षाला सात दिवस घरी यायचा. त्यामुळे जे काय करायचं ते नी बाईंनाच करायचं होतं.

करायचं होतं ते एवढंच. मुलगी सियाओमान बारा वर्षांची. तिला शहरातल्या सात नंबरच्या शाळेत घालायचं. नाही घातलं तर तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायचं, जिथे एका खोलीत छत्तीस पोरी आणि एक खिडकी. सात नंबरच्या शाळेत बाहेरगावच्या मुलांना घेत, पण अर्जासोबत सात कागद लागत. जन्माचा दाखला. लसीचं कार्ड. गावचं नोंदणीपुस्तक. घरभाड्याचा करार. घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत. आईचा किंवा बापाचा शहरातल्या मालकाशी झालेला नोकरीचा करार, त्यावर गोल लाल शिक्का. (चौकोनी नाही, जांभळा नाही, अर्धवट उमटलेला नाही.) आणि सातवा कागद म्हणजे वरचे सहा कागद खरे आहेत असं सांगणारा कागद. मुदत एकतीस ऑगस्ट. नी बाईंकडे पाच कागद होते आणि सातवा लिहायला हात शिवशिवत होता. अडलं होतं सहाव्यावर.

जुलैच्या उकाड्यात ती फाइल घेऊन केंद्रं धुंडू लागली. पहिल्या केंद्रात तिला झाडूवाली समजून बादली दिली. दुसऱ्यात पालक समजून माहितीपत्रक दिलं. तिसऱ्यात खरोखर मुलाखत झाली. समोरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, आपलं नाव काय? नी बाईंनी इंग्रजीत नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, अनुभव सांगितला आणि खाण का बंद पडली तेही सांगितलं. मुलगी घाबरली. साहेबांना बोलावून आणते म्हणून आत गेली ती मागच्या दाराने घरी गेली.

पुढच्या तेरा केंद्रांनी दिलेली कारणं नी बाईंनी वहीत उतरवली होती, कारण मास्तरकीची सवय जात नाही. चेहरा स्थानिक आहे (सहा केंद्रं). जाहिरातीच्या फोटोत उठून दिसणार नाही (तीन). केस पिवळे करणार असाल तर विचार करू (एक). परदेशी नवरा असल्यास त्याला पाठवा (एक). तुमच्याकडे इंग्रजी आहे, पण इंग्रजीपणा नाही (एक, हा संचालक आधी कविता करायचा). शेवटच्या केंद्राने कारण दिलं नाही, फक्त आरसा दाखवला.

सतरावं केंद्र राजहंस आंतरराष्ट्रीय इंग्रजी केंद्र. याचे संचालक कुआंग साहेब हे पूर्वी न्हाणीघराच्या फरशा विकत. फरशा आणि इंग्रजी यांत विशेष फरक नाही असं त्यांचं मत होतं. दोन्ही गोष्टी चकचकीत दिसल्या पाहिजेत, आणि त्यावरून घसरून कोणी पडला तर तो त्याच्या चुकीने पडला. माणूस दिलदार होता. दारात आलेल्याला गरम पाणी दिल्याशिवाय नकार देत नसे.

नी बाईंच्या आधी एक हिंदुस्थानी मुलगा बसला होता. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा, नाव सुमेध, गाव बार्शी. (वाचकांत कोणी बार्शीचं असेल तर मन घट्ट करावं.) कुआंग साहेबांनी त्याचं इंग्रजी दहा मिनिटं मान डोलावत ऐकलं आणि मोठ्या आपुलकीने सांगितलं की भाषा उत्तम आहे, पण रंग इंग्रजी नाही. आपण योगासनांचा वर्ग काढू तेव्हा पहिला फोन तुम्हालाच. सुमेधला योगासनं येत नव्हती, तसं तो म्हणालाही. साहेब म्हणाले, येण्याचं काय घेऊन बसलात.

तेवढ्यात विल्यम आत आला.

विल्यम म्हणजे केंद्राच्या फलकावरचे लंडनचे प्राध्यापक विल्यम. मूळ नाव वादिम. काळ्या समुद्राकडच्या कुठल्याशा गावचा, दुधाच्या डेअरीची यंत्रं जोडणारा फिटर. ताओपिंगच्या डेअरीत यंत्र बसवायला आला, यंत्र बसलं, पण डेअरी बुडाली, आणि हा इथेच राहिला. उंची सहा फूट दोन इंच, केस मक्याच्या कणसासारखे, नाक असं की त्यावर टोपी टांगावी. इंग्रजी शब्द एकूण चौसष्ट, त्यांतले एकवीस झडपा आणि नळ्यांचे. चिनी मात्र अस्खलित, तीही ताओपिंगच्या मटण बाजारातली, शिव्यांसकट. पण केंद्राच्या आवारात चिनी बोलायला त्याला सक्त मनाई होती. लंडनचा प्राध्यापक कसायासारखं बोलायला लागला तर पालक काय म्हणतील?

गेले दोन महिने विल्यम सर तासाला येत, फळ्यावर झडपेचं चित्र काढत आणि चाळीस मुलांकडून ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ वदवून घेत. पालक खूश होते, पण पुस्तक पुढे सरकत नव्हतं. कुआंग साहेबांनी एकदा विल्यमकडे बघितलं, एकदा नी बाईंकडे, आणि त्यांच्यातला फरशीवाला जागा झाला. बाईकडे माल होता. गड्याकडे वेष्टन होतं. देशात आजवर कोणाला हे जोडता आलं नव्हतं हेच आश्चर्य.

पद्धत अशी. वर्गाला लागून झाडू, फडकी आणि फिनेलचे डबे ठेवायची खोली होती. वर्गाच्या बाजूला हवेसाठी एक जाळी. नी बाईंनी त्या खोलीत उलट्या बादलीवर बसायचं, जाळीतून वर्ग बघायचा आणि हातातल्या माइकमध्ये हळू आवाजात शिकवायचं. सहलीवाले वाटाडे वापरतात तसलं यंत्र विल्यमच्या कानात. कानात येईल ते तोंडातून काढायचं, एवढंच त्याचं काम. खोलीच्या दारावर साहेबांनी पाटी लावली: ‘ध्वनी-सहाय्य कक्ष. परवानगीशिवाय प्रवेश नाही.’ (फडकं हवं असेल तर झाडूवालीने आधी दोनदा टकटक करायची.) महिनाभर काम नीट झालं तर पंचवीस ऑगस्टला पक्का करार, गोल लाल शिक्क्यासह. पदनाम काय लिहिणार, असं नी बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला शिक्का हवाय की पदनाम? नी बाई बादलीवर जाऊन बसल्या.

आणि काम नीट झालं, हे मान्य करायला हवं. नी बाई कुजबुजत, विल्यम गरजत असे. नी बाईंनी शिंकू नये, खोकू नये, स्वतःशी बोलू नये असे लेखी नियम होते, कारण विल्यम इमानी माणूस होता, यंत्रात येईल ते सगळं तो सोडायचा. पहिल्या आठवड्यात फिनेलच्या वासाने नी बाईंना तीन शिंका आल्या, आणि चाळीस मुलांनी त्या वहीत कशा लिहायच्या असं विचारलं. दुसऱ्या आठवड्यापासून सगळं सुरळीत झालं. मुलं वाक्यं बोलायला लागली. विल्यमच्या बोलण्याला काळ्या समुद्राचा हेल होता, तो मुलांनी जसाच्या तसा उचलला. ताओपिंगची ती पिढी आजही इंग्रजी बोलते तेव्हा बोटीतून उतरलेल्या खलाशासारखी बोलते, आणि तिचे आईबाप त्याला लंडनचा उच्चार म्हणतात.

मुलांना काय ते पाच दिवसांत कळलं होतं. त्यांना प्रश्न पडला की ती विल्यमकडे न बघता जाळीकडे बघून विचारत. सोंग आणायची अक्कल त्यांना अजून आली नव्हती. हाओहाओ नावाच्या मुलाने घरी सांगितलं की इंग्रजी झाडूच्या खोलीत असतं. बापाने त्याला खोटं बोलू नकोस म्हणून दोन तास उभं केलं. कोणीतरी पोरगी रोज जाताना त्या दाराच्या फटीतून एक जर्दाळूची गोळी आत सरकवायची. नी बाईंनी ती कोण याचा शोध घेतला नाही, पण गोळ्या खाल्ल्या.

तिसऱ्या शनिवारी एक प्रकार घडला. शनिवारी पालक वर्गाच्या काचेपलीकडे बाकांवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत आणि पोरं शिकताना बघत. ऐन तासात नी बाईंचा फोन थरथरला. सात नंबरच्या शाळेतून होता, तो न घेऊन भागणार नव्हतं. तिने फोन घेतला आणि माइक बंद करायला विसरली. तिकडे फळ्यासमोर उभे असलेले लंडनचे प्राध्यापक एकाएकी शुद्ध चिनीत, हात जोडून, रडवेल्या आवाजात म्हणाले, “हो साहेब, ऐकतेय. करार मिळणार आहे, एकतीसच्या आत आणून देते. पोरीचं नाव तेवढं यादीतून काढू नका, पाया पडते.”

काचेपलीकडे बियांचा आवाज थांबला. मग टाळ्या पडल्या. परदेशी माणूस तीन महिन्यांत चिनी शिकला, तीही इतक्या भावनेने. एका बापाने तिथल्या तिथे काच ठोकून पोराला खुणावलं की बघ, शीक काहीतरी. त्या आठवड्यात सत्तावीस नवे प्रवेश झाले. मजकुराकडे कोणी लक्ष दिलं नाही. विल्यमने मात्र दिलं. संध्याकाळी जिन्यात त्याने नी बाईंना गाठलं आणि कुजबुजत्या बाजारी चिनीत विचारलं की बाई, पोरगी कुठे अडकलीय? बाईंनी सांगितलं. तो म्हणाला की आपण दोघंही एकाच शिक्क्यासाठी उभे आहोत, तुमचा करारावर हवाय, माझा पासपोर्टावर.

हे त्याचं बोलणं खरं होतं. त्याचा व्हिसा फिटरचा होता, मास्तरकीचा नव्हता. पकडला गेला असता तर त्याची रवानगी झाली असती आणि राजहंसाला कुलूप लागलं असतं.

ताओपिंगमध्ये अचानक तपासणी नेहमी फोन करून येते. हा तिथल्या प्रशासनाचा सुसंस्कृतपणा. चोवीस ऑगस्टला शनिवारी सकाळी साडेदहाला कुआंग साहेबांचा फोन वाजला, की निरीक्षक होउ दहा मिनिटांत अचानक येत आहेत, विनापरवाना परदेशी शिक्षक शोधायला. साहेबांनी फरशा विकताना कमावलेली सगळी चपळाई दाखवली. पाचव्या मिनिटाला विल्यम झाडूच्या खोलीत होता, बादलीवर, गुडघे कानाशी. सहाव्या मिनिटाला नी बाई फळ्यासमोर होत्या. हातात ना माइक, ना यंत्र. समोर चाळीस मुलं आणि काचेपलीकडे त्रेपन्न पालक.

नी बाईंनी पुस्तक मिटलं आणि एका मुलीला इंग्रजीत विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? मुलगी म्हणाली, वाफवलेला बन. कशाचा? कोबीचा, मटणाचे आजी लपवून ठेवते. कुठे? कपाटाच्या वर, शिवणाच्या डब्यात. वर्ग हसला. मग प्रत्येकाला आपापली आजी आठवली. मुलं आपणहून हात वर करू लागली. चुकत होती, अडखळत होती, शब्द सापडला नाही तर हाताने दाखवत होती, पण जे बोलत होती ते त्यांच्या घरचं होतं. वर्षभरात ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला की माझी आजी मेली, ती काही लपवत नव्हती. नी बाईंनी त्याला बसवलं नाही. ती कशी होती ते विचारलं. तो चार वाक्यं बोलला. खाणीतल्या शाळेत एकोणीस वर्षांत नी बाईंचे असे तास फार झाले नव्हते.

निरीक्षक होउ दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी वहीत लिहिलं: परदेशी कर्मचारी, शून्य. अध्यापन, समाधानकारक. सही केली. जाताना कुआंग साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “ते फलकावरचे गोरे सर कुठल्या वारी असतात हो? आमची नात आहे, सहा वर्षांची.”

(त्या दिवशी सर्वांत जास्त इंग्रजी कोण शिकलं याचं उत्तर आकड्यांत द्यायचं तर विल्यम. जाळीतून ऐकून अकरा नवे शब्द, त्यांतला एकही झडपेचा नाही.)

निरीक्षकांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि पालक आत घुसले. पुढे हाओहाओची आई. ती मंडईत मासे विकायची आणि तिचा आवाज त्याच कामासाठी घडला होता. पण त्या दिवशी ती ओरडली नाही. अतिशय थंडपणे म्हणाली, “कुआंग साहेब, आम्ही बावळट दिसतो का तुम्हाला? पोरांपुढे ही बाई उभी केलीत. आमच्यासारखीच बाई. हिला मी भाजीच्या गाड्यावर कोथिंबिरीसाठी घासाघीस करताना बघितलंय. ही इंग्रजी शिकवणार?”

नी बाई म्हणाल्या, “हाओहाओ आज सात वाक्यं बोलला, हाओहाओची आई.”

“बोलला ना. म्हणूनच तर कळलं मला. खरं इंग्रजी असतं तर त्याला बोलता आलं असतं का?”

या युक्तिवादातली ताकद इतर बावन्न पालकांच्या लगेच लक्षात आली. एक बाप म्हणाला की मुलं हसत होती, हे त्याने स्वतः पाहिलं. दुसरा म्हणाला की विल्यम सर शिकवतात तेव्हा पोरगा घरी येऊन डोकं दुखतंय म्हणतो, म्हणजे काहीतरी आत जात असतं. एका आजोबांनी सगळ्यांच्या मनातलं सांगितलं: मुलांना सगळं समजत होतं, याचा अर्थ ते इंग्रजी नव्हतं. त्रेपन्न पालकांपैकी एकोणपन्नास जणांनी प्रवेश रद्द करायची तयारी दाखवली. उरलेले चार फोनवर होते.

कुआंग साहेब नी बाईंना आपल्या खोलीत घेऊन गेले. टेबलावर करार तयार होता, दोन प्रती. शिक्का खणात होता, खणाची किल्ली साहेबांच्या कमरेला. साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी नी बाईंना गरम पाणी दिलं.

“बाई, तास छान झाला. मला इंग्रजी येत नाही, पण मला कळलं. आता बाहेर जाऊन दोन शब्द बोला, मी लिहून ठेवलेत. मग आत या, शिक्का मारतो. उद्यापर्यंतही थांबत नाही.”

नी बाईंनी कागद वाचला. तीन ओळी होत्या. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि ती बाहेर गेली.

पालक उभे होते. पोरं काचेला नाक लावून बघत होती. नी बाईंनी कागद हातात धरला, पण वाचला नाही, पाठ झाला होता. “पालकहो, मी खाणीवरून आलेली बाई आहे. विल्यम सरांच्या पोटात दुखत होतं म्हणून तासभर मुलांना सांभाळलं. मी बोलले ते इंग्रजी नव्हतं, मला इंग्रजी शिकवता येत नाही.”

हाओहाओ काहीतरी म्हणणार होता. आईने त्याच्या तोंडात बन कोंबला.

मग पालकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, बाई प्रामाणिक आहे हो, हल्ली कोण असं कबूल करतं. हाओहाओच्या आईने पुढे येऊन नी बाईंचा हात हातात घेतला आणि उद्या मंडईत या, ताजी कोळंबी ठेवते असं सांगितलं. ती मनापासून म्हणाली. एकोणीस वर्षांत शिकवण्याबद्दल नी बाईंना इतका मान कधी मिळाला नव्हता. तो शिकवता येत नाही म्हणाल्यावर दोन मिनिटांत मिळाला. शिक्षणक्षेत्रातल्या होतकरूंनी याचा विचार करावा.

शिक्का गोल उमटला, लाल उमटला, पूर्ण उमटला. पदनामाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘परदेशी शिक्षकांची मदतनीस’.

जिन्यात विल्यम उभा होता. अंगाला फिनेलचा वास. म्हणाला, “बाई, मी तेव्हा बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं.”

“काय बोलला असतास? आणि कुठल्या भाषेत?” नी बाई म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

सोमवारी सकाळी त्या सियाओमानला घेऊन सात नंबरच्या शाळेत गेल्या. खिडकीतल्या बाईने सात कागद मोजले, शिक्का उजेडात धरला, नखाने खरवडून बघितला. मग तिची नजर पदनामावर गेली आणि चेहरा उजळला. म्हणजे तुम्ही त्या विल्यम सरांबरोबर काम करता? ती उठून आत गेली आणि मुख्याध्यापकांना घेऊन आली. मुख्याध्यापकांनी नी बाईंना खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं की कुआंग साहेबांशी कालच बोलणं झालंय. यंदापासून शाळेत आंतरराष्ट्रीय तुकडी सुरू होतेय, विल्यम सर सकाळी इथे येणार, आणि त्यांची काही ध्वनीची व्यवस्था असते म्हणे, त्यासाठी वर्गाशेजारची एक लहान खोली रिकामी करून ठेवली आहे. अडगळीची होती, पण पुसून घेतली आहे.

सियाओमानला प्रवेश मिळाला. शेवटचा एक अर्ज भरायचा राहिला होता, त्यात दोन चौकटी. ‘अ’ तुकडी, साधी: इंग्रजीला याच शाळेच्या फेइ बाई, अनुभव एकतीस वर्षं, त्यांच्या हाताखालची मुलं दरवर्षी प्रांतात पहिली येतात. ‘ब’ तुकडी, आंतरराष्ट्रीय: इंग्रजीला लंडनचे प्राध्यापक विल्यम. शेजारी दोघांचे फोटो. फेइ बाईंचा ओळखपत्रावरचा, विल्यमचा रंगीत, मागे एक पूल.

नी बाई पेन घेऊन बाकावर बसल्या. त्यांच्याइतकी पक्की माहिती असलेला पालक त्या दिवशी अख्ख्या ताओपिंगमध्ये दुसरा नव्हता. विल्यमकडे चौसष्ट अधिक अकरा शब्द आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. त्याला कोण शिकवतं आणि ती कुठे बसते, हे ठाऊक होतं. फेइ बाईंच्या हाताखालची मुलं त्यांनी प्रांताच्या स्पर्धेत स्वतः ऐकली होती. रांगेतले बाकीचे आईबाप पटापट खुणा करून अर्ज परत देत होते.

“आई, सगळे ‘ब’ मध्ये चाललेत,” सियाओमान म्हणाली. “‘अ’ मध्ये बसले तर सगळ्यांना वाटेल आपण खाणीवरचे आहोत.”

“आपण खाणीवरचेच आहोत.”

“ते आपल्याला माहितीय ना.”

नी बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि ‘ब’ च्या चौकटीत खूण केली. सुवाच्य, मास्तरणीची, चौकटीबाहेर न जाणारी.

ताओपिंगच्या लोकांना मूर्ख म्हणून झालं असेल, तर आता एक करा. तुम्ही मराठीत आरामात वाचलेली ही गोष्ट घरातल्या पोराच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या ओळीत अडखळेल. मग त्याच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी तुम्ही कुठल्या चौकटीत खूण केली होती ते आठवा, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरच्या मुलाचे केस कोणत्या रंगाचे होते तेही आठवा.